चारच्या चहाची वैरीण

एका सभ्य यंत्रामुळे मी माझी एकुलती एक वैरीण गमावून बसणार होते. मैत्रीण दुरावली तर निदान चार माणसं विचारपूस करतात. वैरीण दुरावली तर कोणापुढे रडायचं? लोक म्हणणार, बरं झालं, सुटलीस.

माझी वैरीण म्हणजे आमच्याच सोसायटीतल्या, सी विंगमधल्या विमल बोरसे. मी ए विंगमध्ये. मी नीलिमा गोसावी, पाटबंधारे खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेली. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी जन्माची नाशिककर, त्या धुळ्याच्या. दोघींचे नवरे गेलेले, दोघींची मुलं मार्गी लागलेली आणि दोघींना आपलंच खरं वाटायचं. एवढ्या भांडवलावर आमचं भांडण इतकी वर्षं उत्तम चाललं होतं.

विषयांना तोटा नव्हता. मिसळीचा रस्सा काळा असावा की लाल, कुरडयांचे गहू किती दिवस भिजवावेत, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावाव्यात, जिन्याला कोणता रंग द्यावा. अलीकडे मोठा विषय होता तो गच्चीवरच्या पूर्वेच्या कोपऱ्याचा. सामान आणणारे ड्रोन आता घरोघर यायला लागले, त्यांना उतरायला सोसायटीला गच्चीत एक ओटा बांधायचा होता. माझं म्हणणं, ओटा कुठेही बांधा, पण वाळवणाचा कोपरा सोडा, तिथे सकाळपासून ऊन असतं. बोरसेबाईंचं म्हणणंही तेच होतं. पण मी म्हटलं म्हणून त्यांना ते वेगळ्या कारणासाठी म्हणायचं होतं, आणि आम्ही त्या कारणांवरून भांडत होतो.

यातलं काहीही समोरासमोर होत नसे. लिफ्टमध्ये भेटलो तर "बरं आहे ना?" आणि "चाललंय" एवढंच. संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन येत, मी त्यांच्याकडे जाई, आणि आम्ही एकमेकींच्या पडद्यांचं कौतुक करत असू. घरी पोचून चपला काढेपर्यंत फोन वाजे आणि पडद्यांबद्दलचं खरं मत येई. तोंडावर गोड आणि फोनवर तिखट ही आमची पद्धत, आणि ती दोघींनी कधी न ठरवता पाळली. हल्ली बोरसेबाई गुडघ्यांमुळे फारशा खाली उतरत नसत. दुपारी चारला त्या चहा ठेवायच्या, कप घेऊन पाय स्टुलावर टाकायच्या आणि मला लिहायच्या. चार वाजले की माझा फोन वाजणार, हे ठरलेलं होतं.

मग माझं ब्लडप्रेशर वाढलं.

दोष एकट्या बोरसेबाईंचा नव्हता. सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, खात्यातल्या निवृत्तांचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, आणि त्याशिवाय जगातले सगळे तंटे बसल्या जागी दाखवणारे ते व्हिडिओ. सकाळी डोळे उघडायच्या आत हात फोनकडे जाई. झोप उडाली, मान धरली, दूध उतू जाईपर्यंत मी कोणा अनोळखी माणसाचं लग्न मोडल्याची हकीकत वाचत उभी. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि गोळीच्या खाली लिहिलं, विसावा, दीड महिना.

विसावा तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. आता तो औषधाच्या दुकानात मिळतो आणि विम्यातही बसतो. पण तेव्हा नवीन होता, आणि तो बनवणाऱ्यांत माझी मुलगी होती. ऋतुजाची कंपनी इथेच, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे. तिने स्वतः येऊन माझ्या मनगटावर ती करडी पट्टी बांधली.

"आणि ग्रुपवर कोण बोलणार?" मी विचारलं. "लोक म्हणतील, गोसावीबाई गेल्या की काय."

"तेच तर आहे ना आई. म्हणून तर लोकांना ब्रेक घेता येत नाही. दोन दिवस गप्प बसलं की सुरू होतं, काय झालं, रागावलात का, आमचं काही चुकलं का. बरं वाटावं म्हणून माणूस ब्रेक घेतो आणि सगळा वेळ जातो खुलासे करण्यात. विसावा तुझ्या वतीने बोलेल."

"माझ्यासारखं?"

"तुझ्यापेक्षा बरं," ती म्हणाली आणि पट्टीचं बक्कल घट्ट केलं.

तिने मला समजावलं ते असं. पहिले पंधरा दिवस पट्टी नुसती लक्ष ठेवते. कोणाचा निरोप उघडला की नाडी किती पळते, कातडीला किती घाम सुटतो, श्वास किती आखूड होतो, हे ती टिपते आणि ओळखीतल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक आकडा मांडते. त्या आकड्याला म्हणायचं भार. त्याच वेळी ती तुमचे जुने निरोप वाचून तुमची बोलायची ढब शिकते. पंधरा दिवसांनी पडदा पडतो, आणि विसाव्याचा दीड महिना तिथून मोजायचा. फोनवर नुसते कॉल येतात, बाकी काही तुमच्यापर्यंत पोचत नाही. कमी भाराच्या माणसांना पट्टी तुमच्या ढबीत उत्तरं देते. जास्त भाराच्या माणसांना ती फार मऊ उत्तरं देते, वाद पुढे सरकू देत नाही, आणि त्यांचा शब्द तुमच्या कानावर पडू देत नाही. रोज सकाळी अगदी गरजेच्या गोष्टी ती चहाबरोबर वाचून दाखवते. समोरच्याला फसवलं असं होऊ नये म्हणून तुमच्या नावापुढे एक हिरवं पान दिसतं. पान म्हणजे माणूस विसाव्यात आहे, उत्तर यंत्राचं आहे.

ऐकताना मला यात एकही खोट दिसली नाही. जिने बनवलं तिलाही दिसली नव्हती.

आणि मी खोटं कशाला बोलू, विसावा मला मानवला. पहिले तीन-चार दिवस हात उगाच टेबल चाचपायचा. मग तो शांत झाला. झोप यायला लागली, तीही जुन्या चवीची, कूस न बदलता. मी पांढरे बूट घेतले आणि सकाळी सोमेश्वरच्या बाजूला चालायला जाऊ लागले. शेजारच्या आवारातल्या कडुलिंबावर भारद्वाज बसतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. अर्धवट टाकलेली गोधडी पुरी केली. कुरडया केल्या, आणि चीक ढवळताना एकदाही फोटो काढला नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी निम्मी करू. ऋतुजा इतकी खूश झाली की तिने मला ऑफिसातल्या बैठकीत व्हिडिओवर दाखवलं, ही माझी आई म्हणून.

एकच गोष्ट खटकत होती. सकाळच्या वाचनात बोरसेबाईंचं नाव कधीच यायचं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी पगारे येत, पाणी बुधवारी येणार नाही म्हणून. माझा मावसभाऊ येई, नातवाचा पहिला दात म्हणून. बोरसेबाई नाहीत. मी मनात म्हटलं, बघा, इतकी वर्षं भांडले हिच्याशी, आणि मी गप्प बसले तर साधी चौकशी नाही. मला राग आला. चार वाजता चहाला चव लागेना, तेव्हा मी दूधवाल्याला बोलले.

सी विंगला जाऊन विचारता आलं असतं. पण समोरासमोर आम्ही फक्त बरं असायचो. आणि आधी आपण का जायचं?

विसावा संपत आला होता. एके सकाळी फिरून येताना गेटपाशी सेक्रेटरी पगारे भेटले. तरुण माणूस, फार आदबशीर. त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला.

"काकू, मोठं मन लागतं हां. गच्चीचा कोपरा तुम्ही दोघी सोडाल असं कमिटीत कोणालाच वाटलं नव्हतं."

"कोणी सोडला कोपरा?"

"तुम्हीच की. बोरसेकाकूंनी ग्रुपवर प्रस्ताव मांडला, पूर्वेचा कोपरा ड्रोनच्या ओट्याला द्यावा. तुम्ही लिहिलंत, योग्य विचार आहे, माझी संमती. रविवारच्या मीटिंगला ठरावच आहे."

"अहो, ते मी नाही लिहिलं! माझ्या नावापुढे पान दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं ना. पण काकू, हल्ली निम्म्या सोसायटीच्या नावापुढे पान असतं. पानं धरली नाहीत तर एक ठराव पास व्हायचा नाही." मग त्यांना काहीतरी आठवलं. "बोरसेकाकूंनाही आता कोपऱ्याचं काय. त्या सोमवारी चालल्या, हैदराबादला मुलाकडे. फ्लॅट भाड्याने देतायत. तुम्हाला माहीतच असेल, तुमच्या शुभेच्छा सगळ्यात आधी आल्या."

मी तिथेच बाकावर बसले. कोपऱ्याचं दुःख होतंच, पण ते मागे पडलं. बोरसेबाई जाणार. रोज चार वाजणार, आणि कोणी मला चूक ठरवणार नाही. मला तेव्हा जे वाटलं ते मी सरळ सांगते. मला माझा नवरा गेल्यानंतरची पहिली दुपार आठवली.

वर गेले आणि ऋतुजाला फोन लावला. फोनवर आधी मी ओरडले. मग तिने शांतपणे माझी पट्टी तिच्या संगणकाला जोडून घेतली आणि बघायला लागली.

"आई, तुझ्या सगळ्या माणसांत सर्वांत जास्त भार बोरसेकाकूंचा आहे," ती म्हणाली. "बाकी कोणी त्यांच्या जवळपासही नाही. त्यांचा निरोप आला की तुझी नाडी अशी पळते, अशी पळते... यंत्राने नियमाप्रमाणे केलं. त्यांना बाहेर ठेवलं आणि मऊ उत्तरं दिली."

"अगं, पण त्या माझ्या..." मला शब्द सापडेना. "त्यांच्याशी भांडताना मला बरं वाटतं."

पलीकडे तिने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात बोलायला लागली, मला समजावत होती की स्वतःला ते कळेना.

"छातीला एकच ठोका असतो गं. भीती वाटली तरी तोच वाढतो, आनंद झाला तरी तोच. घाम तसाच, श्वास तसाच. तू नाही का लहानपणी मला धरणावर न्यायचीस, भिंतीवरची ती आकड्यांची पट्टी दाखवायला? पाणी किती चढलं ते ती सांगते. ते पाणी कालव्याला जाणार की गावात शिरणार, ते कसं सांगणार? आम्ही चढलेलं पाणी मोजलं आणि सगळ्यालाच पूर म्हटलं."

"मग दुसरा नंबर कोणाचा आहे?" मी विचारलं.

तिने पुन्हा यादी पाहिली.

"माझा," ती म्हणाली. "आई, म्हणजे दीड महिना माझ्या निरोपांना तू... पान रोज दिसत होतं, तरी मी म्हटलं, आई हल्ली किती समजूतदार झालीय."

तशाही परिस्थितीत आम्ही दोघी हसलो. पण हसता हसता ती थांबली. "थांब, इथे काहीतरी विचित्र आहे. पडदा पडल्यापासून रोज दुपारी, चारच्या आसपास, तुझी नाडी वाढते. निरोप नाही, कोणी आलेलं नाही, तू नुसती चहा घेऊन बसलेली. मी हे आधी पाहिलं होतं, मला वाटलं फोनची तलफ असेल. पण तलफ दिवसभर येते आणि हळूहळू उतरते. ही फक्त चारला येते, आणि दर आठवड्याला थोडी वाढलीय. चारला काय असतं?"

मी तिला सांगितलं नाही. फोन ठेवला, साडी नीट केली आणि सी विंगला गेले.

दार बोरसेबाईंनीच उघडलं, काठी टेकत. दिवाणखान्यात खोकी बांधून ठेवलेली होती. पडदे उतरवले होते, तेच, ज्यांना मी शाळेच्या गॅदरिंगचे पडदे म्हटलं होतं.

"या गोसावीबाई. बसा. पाणी आणू?" त्या म्हणाल्या. लिफ्टमधला आवाज.

"तुम्ही चाललात म्हणे."

"हो. तुषार कधीचा मागे लागलाय. तुमच्या शुभेच्छा मिळाल्या. आभारी आहे."

"त्या मी दिल्या नाहीत," मी म्हटलं. "मी दीड महिना तुम्हाला काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी विसावा दिला होता. ते सगळं या पट्टीने लिहिलं. माझ्या नावापुढे हिरवं पान नव्हतं का?"

"कसलं पान?"

त्यांनी फोन पुढे केला. मोतीबिंदूपासून त्यांनी त्यावरची अक्षरं चिंचोक्याएवढी करून ठेवली होती. माझं नाव 'नीलिमा गो' इथपर्यंत मावत होतं. सावी आणि पान, दोन्ही पडद्याबाहेर.

बोरसेबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग समोरच्या खोक्यावर बसल्या आणि त्यांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

"आधी मला वाटलं तुम्ही टिंगल करताय. मी लिहिलं, तुमच्या आमटीत गूळ फार. तुम्ही लिहिलंत, लक्षात ठेवीन. मी लिहिलं, नाशिकची मिसळ म्हणजे उसळीवर ओतलेलं रंगीत पाणी. तुमचं उत्तर, प्रत्येकाची आवड वेगळी. तेव्हा मी घाबरले हो! म्हटलं, या बाईला काहीतरी मोठं दुखणं निघालंय, जायच्या आधी सगळ्यांशी गोड वागून घेतेय. मी देवापाशी दिवा लावला तुमच्यासाठी. मग एक दिवस बाल्कनीतून पाहते, तर तुम्ही पांढरे बूट घालून ठणठणीत चाललाय फिरायला! म्हणजे दुखणं नव्हतं. म्हणजे मीच नको झाले होते."

"अहो बोरसेबाई..."

"ऐका आधी. शेवटी म्हटलं, कोपरा सोडते असं लिहू. त्यावर तरी ही बाई पेटून उठेल. आणि तुम्ही लिहिलंत, योग्य विचार आहे." त्यांनी फोन बाजूला ठेवला. "त्या दिवशी मी तुषारला म्हटलं, येते. इथे आता मला कोण आहे?"

मी म्हटलं, "मी आहे."

"आता कोण बोलतंय? तुम्ही, का ते पान?" त्यांनी डोळे पुसत विचारलं, आणि त्यांना खरंच शंका होती. दीड महिना माझ्याच ढबीत त्यांना गोड बोलून परकं केलं होतं. पुन्हा गोड बोलून त्यांना पटणार कसं?

"चार वाजले की मला तुमची आठवण येते," मी म्हटलं. "रोज. चहाला चव लागत नाही. मी दूधवाल्याला रागावले, त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. हे मी सांगते आहे, पट्टी नाही. पट्टीला हे कळलंच नाही." एवढं बोलल्यावर मला लाज वाटली, म्हणून मी लगेच पुढे म्हटलं, "आणि आमटीत गूळ घालायचाच असतो. तुमच्याकडे तिखटापुढे काही कळत नाही, त्याला मी काय करू?"

बोरसेबाईंची पाठ ताठ झाली. "आमच्याकडे? आमच्याकडे निदान आमटीची खीर होत नाही!"

"आणि तुमचे सांडगे? दर वर्षी खारट!"

"खारट असतात तर मागच्या वर्षी दोनदा डबा का पाठवलात?"

"डबा परत करायला पाठवला होता!"

"रिकामा परत करायचा होता तर 'थोडे द्या' म्हणून कशाला सांगितलंत मोलकरणीला?"

आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर भांडत होतो. त्यांचे हात कसे हलतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. लिहिताना त्या इतक्या लालबुंद होत असतील असं वाटलं नव्हतं. मी कुरडयांवर आले, त्या मिसळीवर गेल्या, आणि माझ्या मनगटावरून एक गोड बाई बोलली, "भार फार वाढला आहे. आपण शांत व्हावं. हा संवाद थांबवू का?"

बोरसेबाई बोलता बोलता थांबल्या. "हीच का ती?"

"हीच."

त्यांनी माझा हात धरून जवळ ओढला, मनगट तोंडाशी नेलं आणि सगळा वर्ग गप्प होईल अशा आवाजात म्हणाल्या, "गप्प बस. मोठी माणसं बोलतायत."

पट्टी खरोखरच गप्प झाली. मग आम्ही इतक्या हसलो की त्यांना गुडघा धरावा लागला आणि मला खोक्यावर बसावं लागलं. खोकं मऊ होतं. आत पडदे असावेत.

चहा त्यांनी केला. तो मला फार गोड लागला, आणि ते मी सांगितलं.

"पण आता काय," कप ठेवत मी म्हटलं. "सोमवारची गाडी ठरलीय. आणि रविवारी मीटिंग. ठराव तुमचा, त्याला संमती माझी. मी एकटी तो कसा मोडू?"

"मांडणाऱ्यानेच मागे घ्यावा लागतो," बोरसेबाई म्हणाल्या. "पण त्यालाही सभा लागते आणि पुन्हा तुम्ही तिथे बोलणार. तुम्ही बोललात म्हणजे काम बिघडलंच." त्यांनी खोक्यांवरून एक नजर फिरवली. मग त्यांनी फोन उचलला. "तुषार, सोमवारची गाडी नको. दिवाळीला येते. नाही रे, तब्येत चांगली आहे. इथे एक बाई आहे, तिला एकटीला सोडलं तर अख्खी गच्ची देऊन बसेल."

रविवारी आम्ही दोघी मीटिंगला गेलो. बोरसेबाईंनी ठराव मागे घेतला, मी माझी संमती मागे घेतली, आणि कोणत्या कारणासाठी मागे घेतली यावर आम्ही तिथेच वेगवेगळं बोललो. पगारे हात जोडून म्हणाले, ओटा पश्चिमेला बांधू, पण आता बसा.

ऋतुजाने नंतर कंपनीत पुष्कळ डोकं खपवलं. आता पट्टी कोणाला बाहेर ठेवायच्या आधी विचारते. आणि पडद्याच्या काळात एखाद्या ठराविक वेळी, काही घडलेलं नसताना नाडी चढली, तर ती त्याला तलफ म्हणत नाही, माणसाला विचारते की कोणाची आठवण येतेय. ऋतुजा म्हणते, फोन बाजूला ठेवल्यावर काय बरं वाटतं ते सगळेच मोजतात, पण कोणाशिवाय करमत नाही हेही त्याच काळात कळतं, आणि ते आम्ही मोजायचं विसरलो होतो. हे तिने एका परिषदेत सांगितलं. मी तिथे पहिल्या रांगेत होते, आणि माझ्या नाडीचं काय झालं असेल ते मोजायला पट्टी लागत नव्हती.

मी विसावा सोडला नाही. दर चार महिन्यांनी घेते, आणि मधल्या काळातही दुपारभर फोन कपाटात असतो. ते सगळे तंटे पुन्हा घरात आणायची माझी इच्छा नाही. बोरसेबाईही फोन बाजूला ठेवायला शिकल्यात, अक्षरं चिंचोक्याएवढी असल्यामुळे त्यांना त्याचं फार दुःख नाही. भांडण मात्र आम्ही कपाटात ठेवलं नाही. लिफ्ट गच्चीपर्यंत जाते. चार वाजता त्या थर्मास घेऊन वर येतात, मी दोन खुर्च्या पूर्वेच्या कोपऱ्यात सावलीला लावते, आणि कुरडयांवर येणारे कावळे हाकलत आम्ही बसतो.

काल त्या म्हणाल्या, माझ्या कुरडया तुटतात, कारण मी गहू घाईने वाटते. मी म्हटलं, तुमच्या तुटत नाहीत, कारण त्या दाताखाली तुटूच शकत नाहीत. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मी कप खाली ठेवला. तेवढ्यात मनगटावरची बाई अदबीने बोलली आणि पट्टीवर दोन शब्द उजळले, हो आणि नाही.

"काय म्हणतेय ती?" बोरसेबाईंनी विचारलं.

"विचारतेय, नाडी वाढलीय, या माणसाचा त्रास होतोय का."

"मग सांगा की, होतोय म्हणून."

मी 'नाही' दाबलं.

"सांगितलं," मी म्हटलं.